मोठा आकडा हाताने कसा फोडायचा: गोव्याचा १४,५८,५४५ घेऊन

२०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ भरली. स्पर्धा परीक्षेवाली पोरं हा आकडा पाठ करतात आणि पुढे जातात, पण मला तो आवडतो तो वेगळ्याच कारणाने. निव्वळ आकडा म्हणून बघितला तर आतून फार छान निघतो. सात अंकी आहे, बघून पोटात गोळा यावा इतका मोठा, आणि तरी हॉटेलात भाजीपाव येईपर्यंत बिलाच्या मागच्या बाजूला फोडून (म्हणजे मूळ अवयव पाडून) होईल इतकाच. तर हाच एक आकडा धरून मोठ्या पूर्णांकाचे गुणधर्म कसे काढायचे ते सांगतो, तुम्ही नंतर तुमच्या गाडीचा नंबर, पिनकोड, लाइट बिलावरचा ग्राहक क्रमांक, काय वाट्टेल ते घ्या.

आधी एक सांगून टाकतो, यात सगळी गंमत क्रमाची आहे. बहुतेक जण २, ३, ५, ७, ११ करत सरळ भागत सुटतात आणि पन्नाशी गाठेपर्यंत कंटाळून फोन काढतात. आकडा मोठा आहे म्हणून काम अवघड असं काही नसतं, दोन अंक जास्त असलेला आकडा कधीकधी दोन मिनिटांत सुटतो आणि छोटा दिसणारा जाम छळतो. कुठली युक्ती आधी लावायची एवढं कळलं की बरंच काम वाचतं.

पहिल्यांदा फुकटातलं

शेवटचा अंक ५. म्हणजे २ ने जात नाही, ५ ने जातो. शेवटचे दोन अंक ४५, ते २५ ने जात नाहीत, म्हणजे ५ एकदाच आहे, दुसऱ्यांदा शोधायला नको. हे बघायला लोक विसरतात.

अंकांची बेरीज: १+४+५+८+५+४+५ = ३२. तीनने नाही, नऊने तर नाहीच. ३२ चे परत ३+२ = ५, म्हणजे ९ ने भागलं तर बाकी ५. ही बाकी कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

७, ११ आणि १३ एकाच फटक्यात

शाळेत ७ ची कसोटी शिकवतात ना, शेवटचा अंक दुप्पट करून वजा करा, परत करा, परत करा... मला ती कधीच पटली नाही, तेवढ्या वेळात सरळ भागाकार होतो. त्यापेक्षा १००१ लक्षात ठेवा. १००१ = ७ × ११ × १३. म्हणजे १००० हा या तिघांच्याही पटीपेक्षा एकने कमी, त्यांच्या नजरेने १००० म्हणजे उणे १. मग आकड्याचे उजवीकडून तीन-तीनचे गट करायचे आणि एक सोडून एक अधिक-उणे करत जायचं.

इथे आपला लाखवाला स्वल्पविराम कामाचा नाही बरं का, तो पुसून १ | ४५८ | ५४५ असं लिहा. आता ५४५ − ४५८ + १ = ८८.

बस्स. ८८ ला ११ ने भाग जातो म्हणून मूळ आकड्यालाही जातो. ८८ ला ७ ने जात नाही, १३ ने जात नाही, म्हणून त्यालाही नाही. तीन कसोट्यांचं काम एका वजाबाकीत झालं. फक्त ११ च बघायचं असेल तर सुटे अंक अधिक-उणे केले तरी चालतं: ५−४+५−८+५−४+१ = ०, शून्य आलं की जातो.

आता भागत सुटायच्या आधी जरा थांबा

इथे दोन रस्ते फुटतात. सरळ रस्ता म्हणजे ५ आणि ११ काढून टाका आणि उरलेल्याला पुढच्या मूळ संख्यांनी भागत जा. तो करूच. पण त्याआधी दोन-चार मिनिटं फर्माच्या (सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती) युक्तीला द्यावीत असं माझं मत आहे. लागली तर लॉटरी, नाही लागली तर दोन-चार मिनिटंच गेली.

युक्ती अशी की विषम आकडा दोन संख्यांचा गुणाकार असेल तर त्या दोघांच्या बरोबर मधली संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यातून दोघांमधल्या अंतराच्या निम्म्याचा वर्ग वजा करा, मूळ आकडा परत मिळतो. आपलं ते (अ+ब)(अ−ब) = अ² − ब², आठवी-नववीतलं. म्हणजे उलटं जायचं, आकड्यात किती घातलं की पूर्ण वर्ग होतो आणि घातलेलंही स्वतः पूर्ण वर्ग असतं, ते शोधायचं.

त्यासाठी वर्गमूळ पाहिजे. अंदाजाने काढा: १२०० चा वर्ग १४,४०,०००. उरले १८,५४५. त्याला २४०० ने (१२०० ची दुप्पट) भागलं की साडेसातच्या थोडं वर येतं. म्हणजे वर्गमूळ १२०७ आणि काहीतरी. तर वरचा पूर्णांक १२०८ पासून सुरुवात.

१२०८² = १४,५९,२६४. त्यातून आपला आकडा वजा केला, ७१९ राहिले. ७१९ पूर्ण वर्ग आहे का? बघायचीही गरज नाही. विषम वर्गात दशकाचा अंक कायम समच असतो (२५, ४९, ८१, १२१, १६९, काहीही बघा), इथे दशकाला १ आहे. बाद.

१२०९ घ्या. परत मोठा गुणाकार करत बसू नका. एका वर्गावरून पुढच्या वर्गावर जायला दुप्पट अधिक एक मिळवायचं असतं, २ × १२०८ + १ = २४१७. ते सरळ आधीच्या बाकीत मिळवा, ७१९ + २४१७ = ३१३६.

३१३६ = ५६². लागली!

म्हणजे १४,५८,५४५ = १२०९² − ५६² = (१२०९ + ५६)(१२०९ − ५६) = १२६५ × ११५३. गोव्याची अख्खी लोकसंख्या दुसऱ्याच पायरीला दोन तुकडे होऊन हातात आली. आणि १२६५ तर बघता बघता फुटतो, ५ × २५३, आणि २५३ म्हणजे ११ × २३.

फर्माने स्वतः १६४३ च्या सुमारास याच पद्धतीने २,०२,७६,५१,२८१ हा आकडा ४४,०२१ × ४६,०६१ असा फोडला होता. दहा अंकी आकडा आहे तो, आणि ४५,०३० पासून सुरुवात केली तर ४५,०४१ ला म्हणजे बाराव्या पायरीला उत्तर येतं. सरळ भागत गेलं असतं तर ४४,०२१ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या पालथ्या घालाव्या लागल्या असत्या. मात्र ही युक्ती चालते ती दोन तुकडे एकमेकांच्या जवळ असतील तरच. खाली मडगावला ती कशी आपटते ते दाखवतो.

सरळ रस्ता, कारण तोही यायला हवा

५ आणि ११ काढले की उरतात २६,५१९. आता एक नियम पक्का धरा, वर्गमूळापर्यंतच भागायचं, कारण त्यापुढचा भाजक असेल तर त्याचा जोडीदार आधीच सापडला असता. मूळ आकड्याचं वर्गमूळ १२०७ होतं, तिथपर्यंत १९७ मूळ संख्या लागतात, ऐकूनच अंगावर काटा येतो. पण २६,५१९ चं वर्गमूळ १६२ च्या आसपास. दोन छोटे भाजक काढल्याबरोबर काम एवढं आटोक्यात आलं, म्हणून सापडेल तो भाजक लगेच काढून टाका, शेवटी एकदम बघू म्हणून ठेवू नका.

७ आणि १३ आधीच बाद आहेत. ११ मात्र परत तपासा, तो दुसऱ्यांदा लपलेला असू शकतो: ९−१+५−६+२ = ९, नाही. १७ ने बाकी १६, १९ ने बाकी १४, २३ ने बरोबर ११५३. आता ११५३ चं वर्गमूळ ३४ च्याही आत. म्हणजे ३१ पर्यंतच. २३ परत लावून बघा, बाकी ३. २९ ने बाकी २२, ३१ ने बाकी ६, १७ आणि १९ आधीच गेले. तर ११५३ ही मूळ संख्या, शंका नको.

१४,५८,५४५ = ५ × ११ × २३ × ११५३.

फोडून झालं, आता पदरात काय काय पडतं

चार वेगवेगळे मूळ अवयव, प्रत्येक एकदाच. म्हणजे कुठल्याही वर्गाने (१ सोडून) हा भागला जाणार नाही. भाजक किती? प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा नाही घ्यायचा, २ × २ × २ × २ = १६. ते असे: १, ५, ११, २३, ५५, ११५, २५३, ११५३, १२६५, ५७६५, १२,६८३, २६,५१९, ६३,४१५, १,३२,५९५, २,९१,७०९ आणि तो स्वतः. बरोबर आहेत का ते बघायला पहिला आणि शेवटचा, दुसरा आणि शेवटून दुसरा असे जोडीने गुणा, दरवेळी तोच आकडा यायला हवा.

भाजकांची बेरीज करायला एवढी यादी लागतच नाही. प्रत्येक अवयवात एक मिळवा आणि गुणा: ६ × १२ × २४ × ११५४ = १९,९४,११२. (पहिल्या तिघांचा गुणाकार १७२८, म्हणजे १२ चा घन, हा उगाचचा योगायोग पण बघायला बरा वाटतो.) त्यातून तो आकडा स्वतः वजा केला तर ५,३५,५६७. स्वतःपेक्षा कमी. ६ किंवा २८ सारखी परिपूर्ण संख्या (जिच्या बाकीच्या भाजकांची बेरीज बरोबर तीच येते) नाही, भाजकांच्या हिशोबात तुटीतच आहे.

उलट प्रत्येकातून एक वजा करून गुणलं की ४ × १० × २२ × ११५२ = १०,१३,७६०. एक पासून १४,५८,५४५ पर्यंतच्या एवढ्या संख्यांचा याच्याशी १ सोडून एकही सामाईक भाजक नाही, साधारण ६९.५ टक्के.

दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येतो का? इथे फसायला होतं. शेवटच्या दोन अंकांवरून ४ ने भागून बाकी १ येते, त्यामुळे वाटतं येईल. पण नियम अवयवांवर आहे, ४ ने भागून ३ बाकी देणारा मूळ अवयव असेल तर तो सम वेळा यायला लागतो. ११ आणि २३ दोघेही बाकी ३ वाले आणि दोघे एकेकदाच. म्हणजे नाही, कितीही शोधा. एकटा ११५३ मात्र येतो, ३३² + ८².

लागोपाठच्या संख्यांची बेरीज म्हणून मात्र १५ प्रकारे येतो, विषम भाजक १६ आहेत त्यातला एक म्हणजे तो आकडा एकटाच उभा, तो सोडला. सगळ्यात सोपा प्रकार ७,२९,२७२ + ७,२९,२७३. मला आवडतो तो वेगळा: ६८९ पासून १८४१ पर्यंतच्या सगळ्या संख्या मिळवा, गोव्याची लोकसंख्या येते. कारण त्या संख्या ११५३ आहेत आणि बरोबर मधली १२६५.

हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पायावर (तिथे दहा ते पंधरासाठी ए ते एफ अक्षरं वापरतात), लिहिला तर १६४१७१, एकही ए-बी-सी लागत नाही. पुढे.

अवयव माहीत असले की मसावि फुकट

त्याच जनगणनेत उत्तर गोवा ८,१८,००८ आणि दक्षिण गोवा ६,४०,५३७. या दोघांचा मसावि काढा म्हटलं की लांबलचक भागाकाराची पद्धत सुरू होते, डझनभर तरी पायऱ्या होतात. पण दोघांना भागणारी संख्या त्यांच्या बेरजेलाही भागणार, आणि बेरीज तर आपण फोडून बसलोय. म्हणजे उमेदवार चारच. ५ ने तर दोन्ही जात नाहीत. ११ साठी ८ − ८१८ = −८१०, नाही. २३ ने उत्तर गोव्याला बाकी १३, ११५३ ने बाकी ५३१. संपलं, मसावि १. पुरुष ७,३९,१४० आणि स्त्रिया ७,१९,४०५ घेतल्या तर ५ समोरच दिसतो, बाकीचे तीन तपासून बघा, एकही चालत नाही, मसावि ५ च.

कापरेकरांच्या दोन कसोट्या

मराठी माणसाने आकडा हातात घेतला आणि दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांना विसरला असं कसं चालेल. १९०५ ते १९८६, नाशिकजवळ देवळालीला शाळेत मास्तर, ६१७४ या कापरेकर स्थिरांकामुळे जगभर नाव. त्यांची हर्षद संख्या म्हणजे अंकांच्या बेरजेने भाग जाणारी. आपली बेरीज ३२, आकडा विषम, विषय संपला.

दुसरी जास्त रंगतदार. कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवीन संख्या तयार होते. २३ + ५ = २८, म्हणजे २८ ही २३ पासून झाली. पण काही संख्या अशा कुणापासूनच होत नाहीत, उदाहरणार्थ २०. त्या स्वयंभू, त्यांनाच देवळाली संख्या पण म्हणतात. मग १४,५८,५४५ स्वयंभू आहे का?

आंधळेपणाने शोधायचं तर मागच्या पन्नास-पंचावन्न संख्या तपासाव्या लागतील. ती कोपऱ्यात ठेवलेली बाकी काढा. कुठलीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज, दोघांची ९ ची बाकी सारखीच असते. म्हणजे त्या बाकीची दुप्पट केली की आपली ५ आली पाहिजे. ७ दुणे १४, १४ वजा ९ म्हणजे ५. तर शोधतोय त्या संख्येची अंकबेरीज ७, १६, २५, ३४, ४३ किंवा ५२ यातलीच एक. ५५ च्या वर जायला नको, पहिला अंक १ असताना सहा नवांनी तेवढीच बेरीज होते. उरले सहा उमेदवार, एकेक वजा करून बघा.

७ वजा केले तर १४,५८,५३८, त्याची बेरीज ३४, जुळत नाही. १६ वजा केले तर १४,५८,५२९, परत ३४. २५ वजा केले तर १४,५८,५२०, बेरीज १+४+५+८+५+२+० = २५. जुळलं! बाकीचे तीन पण बघून घ्या, ३४ वजा करून बेरीज २५ येते, ४३ वजा करूनही २५ येते, ५२ वजा करून ३४ येते, एकही जुळत नाही. म्हणजे आपला आकडा स्वयंभू नाही, पण त्याचा जन्मदाता एकच, १४,५८,५२०.

आता तुमचा पिनकोड

गोव्यातल्या सगळ्या पिनकोडांची सुरुवात ४०३ ने होते आणि ४०३ = १३ × ३१. याचा फायदा असा की १३ किंवा ३१ ची कसोटी लावताना पहिले तीन अंक झाकून टाका, फक्त शेवटचे तीन बघा. म्हापसा ४०३५०७: ५०७ म्हणजे १३ × ३९, म्हणजे अख्खा पिनकोड १३ × ३१,०३९, आणि तो ३१,०३९ मूळ आहे. पणजी ४०३००१ ला दोघांनीही बाकी १, तोंडी. फोंडा ४०३४०१ ची अंकबेरीज १२, तिथे ३ ने काम सुरू होतं.

मडगाव ४०३६०१ वर फर्मा लावून बघायचा मोह होईल, लावू नका. आधी तीन-तीनचे गट: ६०१ − ४०३ = १९८, म्हणजे १८ × ११. झालं, ११ × ३६,६९१. हा ३६,६९१ मूळ आहे, पण ते ठरवायला १९१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं, तेवढी मेहनत आहे. आणि फर्माने गेलात तर ६३६ पासून सुरू करून १८,३५१ पर्यंत चढावं लागेल, १७,७१६ पायऱ्या, कारण दोन तुकड्यांपैकी एक इवलासा आणि दुसरा अवाढव्य. म्हणून आधी छोट्या कसोट्या, मग फर्माच्या चार-पाच पायऱ्या, मग सरळ भागाकार, याच क्रमाने जा.

पडताळायला लिनक्सवर फॅक्टर नावाची कमांड असते, आकडा दिला की अवयव छापते. एक्सेलमध्ये मात्र जपून, ते १५ अंकांपर्यंतच खरं धरतं, सोळा अंकी आकडा टाकलात की शेवटचा अंक गुपचूप शून्य करतं, आणि मग तो ५ आणि २ ने भागला जातोय म्हणून तुम्ही खूश. तेवढा मोठा आकडा असेल तर सेल आधी टेक्स्ट करा आणि गट पाडून हातानेच १००१ लावा.